डेस्क फोनवर मल्टिकास्ट पेजिंग: आठ महिन्यांच्या वापरानंतर

तीन मजले, साठ यीलिंक कंपनीचे डेस्क फोन, मागे ॲस्टरिस्क सॉफ्टवेअरवरचा पीबीएक्स, म्हणजे ऑफिसचं टेलिफोन एक्स्चेंज. एक कोड दाबला की सगळ्या टेबलांवर सूचना वाजते, हेच पेजिंग. सोय ठेवावी अशीच आहे, पण तिची नाडी फोनमध्ये नसून ते जोडणाऱ्या नेटवर्क स्विचमध्ये आहे.

आधी साधं ग्रुप पेजिंग होतं. त्यात पीबीएक्स प्रत्येक फोनला वेगळा कॉल लावतो. जी.७११ या नेहमीच्या कोडेकमधल्या आवाजाचा एक प्रवाह हेडरसकट (पत्त्याच्या माहितीसकट) साधारण ८७ केबीपीएस घेतो, म्हणजे साठ फोनांना पाच एमबीपीएसच्या वर. नेटवर्कला ते जड नाही, पण साठ कॉल एकदम उभे राहताना काही फोन मागे पडतात आणि पहिला शब्द गिळला जातो. मल्टिकास्टमध्ये २३९.१.१.१, पोर्ट ५००० अशा सामायिक पत्त्यावर एकच प्रवाह सुटतो आणि तो सगळे फोन ऐकतात. फोनच्या वेब पानावर डिरेक्टरीत 'मल्टिकास्ट आयपी' आहे, तिथे हा पत्ता भरायचा. साठ फोनांना हाताने भरत बसू नका, फोन आपली सेटिंग जिथून आपोआप उचलतात त्या ऑटो प्रोव्हिजनिंगच्या फाइलमध्ये एकदाच लिहा.

खरा घोळ पुढे होतो. बसवल्याच्या दिवशी सगळं खणखणीत वाजतं, दुसऱ्या दिवशी चिडीचूप. फोन रीस्टार्ट केला की पुन्हा चालू, म्हणून संशय फोनवरच जातो. कारण वेगळं असतं: स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग चालू, म्हणजे ज्याने मागितला त्याच फोनकडे स्विच प्रवाह सोडतो, पण 'अजून हवा का' असं अधूनमधून विचारणारा क्वेरिअर कुणीच नाही. फोन सुरू होताना 'मला हा ग्रुप हवा' असं सांगतो. त्याला पुन्हा कुणी विचारलं नाही, तर नेहमीच्या सेटिंगला २६० सेकंदांनी स्विच त्याचं नाव यादीतून काढतो. व्हॉइस व्हीलॅनमध्ये (फोनांसाठी वेगळ्या केलेल्या नेटवर्कच्या भागात) एका स्विचवर क्वेरिअर चालू करा. चाचणीही फोन सुरू होऊन किमान दहा मिनिटं झाल्यावरच घ्या. लगेच घेतलेली चाचणी पास होणारच, तिच्यावर आगीच्या सूचनेचा भरवसा ठेवू नका.

मजल्यागणिक व्हीलॅन वेगळी असेल तर राउटिंगमध्ये पिम, म्हणजे मल्टिकास्ट एका व्हीलॅनमधून दुसरीत नेणारा प्रोटोकॉल, लागतं, शिवाय डेटाच्या पाकिटाचा टीटीएल (किती टप्पे जायचं याची मर्यादा) १ राहिला तर आवाज राउटरपाशीच अडतो. वायफायवरच्या फोनांवर मल्टिकास्ट तुटक येतं, कारण हरवलेलं पाकीट तिथे पुन्हा पाठवलं जात नाही. त्यांना साधा कॉलच लावा.

कुणी कॉलवर असेल तर? त्यासाठी 'पेजिंग बार्ज' आहे: यादीत त्या आकड्यापर्यंतचे पत्तेच चालू कॉल मोडू शकतात. आणीबाणीचा पत्ता यादीत पहिला, रोजच्या सूचनांचा पाचवा आणि बार्जचा आकडा ३ ठेवला, की आगीची सूचना चालू कॉल होल्डवर टाकून वाजते. लिफ्ट बंद असल्याची सूचना कॉल मोडत नाही.

रेकॉर्ड केलेली सूचना ८ किलोहर्ट्झ, मोनो, १६ बिट वेव्ह फाइलमध्ये ठेवा आणि सुरुवातीला सेकंदभर टोन घाला. माणूस मान वर करेपर्यंत तेवढा वेळ जातो. थेट बोलायचं तर रिसीव्हर उचलून बोला. स्पीकरवरून बोललात तर शेजारच्या फोनांचा आवाज माइकमध्ये शिरून शिट्टी वाजते.

आणि पीओई स्विच, म्हणजे नेटवर्कच्या वायरीतूनच फोनांना वीज देणारा स्विच, यूपीएसवर घ्या. वीज गेली की फोनही जातात, आणि सूचनेची गरज नेमकी तेव्हाच असते.