जंगल वाचवायला गेलो आणि दंड भरून बसलो

डिसेंबर २०१७. अटलांटात एका मित्राच्या घरी जेवताना विषय निघाला: ‘४८ हजार डॉलर टाक, दोन लाखांचं डिडक्शन मिळेल.’ डिडक्शन म्हणजे करपात्र उत्पन्नातून वजावट. त्यामुळे फेडरल (केंद्राचा) आणि जॉर्जिया राज्याचा मिळून सत्तर हजारांवर टॅक्स वाचणार होता. ‘अरे, मीपण टाकलेत,’ म्हणाला.

योजना अशी. खेड्यातली दोनशे एकर रानजमीन एका कंपनीच्या नावावर, आम्ही भागीदार. तिथे कधीच बांधकाम होऊ न देण्याचा कायमचा हक्क संवर्धन संस्थेला दान करायचा, म्हणजे कॉन्झर्व्हेशन ईझमेंट. ही सोय कायद्यात आहे आणि चांगली आहे. दानाची किंमत म्हणजे बंधनाआधीची किंमत वजा नंतरची.

सगळी गोम त्या ‘आधीच्या’ किमतीत. अप्रेझरने, म्हणजे जमिनीची किंमत ठरवणाऱ्याने, गृहीत धरलं की इथे साडेतीनशे घरांची वसाहत होईल, आणि आकडा लावला ९८ लाख डॉलर. नंतरची किंमत ३ लाख. जवळचं गाव चाळीस मिनिटांवर, सांडपाण्याची लाइन नाही. ती घरं घेणार कोण, हे मी विचारलं नाही. दीडशे पानी जाडजूड अहवाल बघून गप्प बसलो.

आयआरएसची, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याची, नोटीस आल्यावर काऊंटीच्या (जिल्ह्याच्या) खुल्या जमीन-नोंदी पाहिल्या. हीच जमीन वर्षापूर्वी ९ लाखांना विकली गेली होती! आम्हा भागीदारांकडून गोळा झाले होते २३ लाख. मधले कुठे गेले ते तुम्हीच समजा.

वाईट याचं वाटतं की गुंतवणुकीच्या अडीच पट किंवा जास्त डिडक्शनचं आमिष दाखवणाऱ्या अशा योजना आयआरएसने डिसेंबर २०१६ मध्येच संशयास्पद यादीत टाकल्या होत्या. अशा योजनेत आहोत हे आयआरएसला कळवायचा फॉर्म ८८८६ सुद्धा आमच्या कागदांत होता. ‘फॉर्मॅलिटी’ म्हणे.

शेवटी डिडक्शन जवळजवळ सगळं गेलं, वर व्याज आणि ४० टक्के दंड. दाखवलेली किंमत खऱ्याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त निघाली की हा दंड लागतो, आणि अप्रेझरवर विश्वास ठेवला ही सबब तिथे चालत नाही.

२०२२ च्या अखेरीस कायदाच बदलला. अडीच पटीवरचं असं डिडक्शन आता सहसा मिळतच नाही. तरी कुणी जमिनीचा अहवाल पुढे केला, तर आधी शेवटच्या खरेदीखतातली किंमत मागा. टाळाटाळ झाली तर जेवून घरी या.

तो मित्र यंदा गणपतीत भेटला. त्याचेही बुडाले. आम्ही मोदकांवर बोललो.