एनआयओएसमधून दहावी: पाचपैकी साडेतीन तारे

शाळा शोधणाऱ्या पालकांना आधीच सांगते, एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, ही आपल्या डोक्यात असते तशी शाळा नाही. घंटा नाही, डबा खायला शेजारी मैत्रीण नाही. १९८९ पासूनचं केंद्र सरकारचं बोर्ड आहे आणि त्याचं दहावीचं सर्टिफिकेट इतर बोर्डांइतकंच मान्य आहे. हे शेवटचं वाक्य पाठ करून ठेवा, नातेवाइकांसमोर लागतं.

लेक तेव्हा चौदाची. काटेसावर कधी फुलली, दयाळ कुठल्या तारेवर बसतो, याच्या नोंदी ठेवणारी. आणि व्हॅनचा हॉर्न गल्लीत वाजला की बाथरूममध्ये उलट्या करणारी. आधीच्या शाळेत सरप्राइज टेस्टचे मार्क वर्गात मोठ्याने वाचून दाखवायचे. समुपदेशक ताईंनी तिला भीतीची यादी करायला लावली. त्यात अभ्यास नव्हताच. गर्दी होती, घड्याळ लावून पेपर होता, सगळ्यांसमोर उभं राहणं होतं.

राजगुरुनगरजवळच्या सह्याद्री स्कूलचाही विचार केला होता. टेकडी, खाली चासकमान धरणाचं पाणी, तिच्यासाठीच केलेली जागा. पण शाळा निवासी, आणि आमची पोर मावशीकडेसुद्धा रात्र काढत नाही.

एनआयओएसमध्ये मिळतो तो वेळ. नोंदणी पाच वर्षं चालते आणि तेवढ्यात परीक्षेच्या नऊ संधी. परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. पाचही विषय एका दमात द्यायची सक्ती नाही. आम्ही मराठी आणि चित्रकला आधी उरकले, गणित सगळ्यात शेवटी. (गणित सक्तीचं नाही, पण पुढे सायन्स डोक्यात असेल तर सोडू नका.) घरून लिहून द्यायच्या असाइनमेंटना, म्हणजे टीएमएला, २० टक्के गुण. मानसशास्त्र दहावीपासूनच घेता येतं. तिने घेतलं आणि ताईंनाच उलटे प्रश्न विचारायला लागली!

सकाळी मोकळ्या झाल्या, तसं आम्ही हडपसरहून नदीकाठच्या कवडीपाटला पक्षी बघायला जायला लागलो. मुळा-मुठेचं ते फेसाळ, वास मारणारं पाणी. तरी हिवाळ्यात चक्रवाक येतात, पट्टकादंब दिसले तर दिवस सार्थकी. एकदा मोठी लेन्स लावलेल्या एका काकांनी तिलाच विचारलं, "हा कुठला गं?" मी उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात ती म्हणाली, "नदी सुरय, काका. चोच पिवळी आहे बघा." अनोळखी माणसाशी, न अडखळता. मी गप्प राहिले.

मग तारे साडेतीनच का? माणसं भेटत नाहीत म्हणून. घाबरणाऱ्या मुलाला खोलीत बसून राहायला या व्यवस्थेत आयतं निमित्त मिळतं. सुरुवातीला आमच्याकडे तेच झालं. शेवटी पक्षी बघणाऱ्यांचा गट आणि शनिवारचा चित्रकलेचा क्लास, दोन्ही परीक्षेइतकेच बंधनकारक ठरवले. भांडणं झाली, पण ती गेली. अभ्यास केंद्रावर मात्र विसंबू नका. आमच्या वाट्याला आलेल्या केंद्रात संपर्क वर्ग, म्हणजे समोर बसून शिकायचे तास, नावापुरते होते. केंद्र निवडण्याआधी तिथल्या पालकांना गाठून विचारा. पेपर अनोळखी इमारतीत असतो, म्हणून हॉल तिकीट आलं की आदल्या दिवशी मुलाला घेऊन जा. गेट, जिना, बाथरूम, सगळं दाखवून आणा. आणि "दहावी गॅरंटीने पास" असल्या पाट्यांकडे फिरकूसुद्धा नका, फॉर्म ऑनलाइन आहे, घरबसल्या भरता येतो.

आता बारावीला तिने याच बोर्डातून पर्यावरण विज्ञान घेतलंय. पण तुम्ही दोघंही दिवसभर ऑफिसात आणि घरी आजी-आजोबा कोणी नाहीत, अशी स्थिती असेल तर मी हे सुचवणार नाही. त्यापेक्षा लहान वर्गांची, मार्क जाहीर न वाचणारी शाळा शोधा, लांबची असली तरी चालेल.