ऑटोहॉटकी २ : काही महिने रोज वापरल्यावर

ऑफिसात नवा कॉम्प्युटर आला, त्यावर ऑटोहॉटकीची, म्हणजे विंडोजवर छोट्या स्क्रिप्ट लिहून टायपिंगसारखी कामं आपोआप करून घेणाऱ्या प्रोग्रॅमची, आवृत्ती २ टाकली आणि पहिल्याच सकाळी तारीख टाकणारी माझी हॉटकी (ठरावीक कळा दाबल्या की काम करणारा शॉर्टकट) बंद. स्क्रिप्टचं व्याकरणच बदललंय: कमांड जाऊन सगळी फंक्शन्स झालीत, साध्या मजकुराला अवतरणचिन्हं लागतात, व्हेरिएबलभोवतीची (किंमत साठवणाऱ्या नावाभोवतीची) टक्क्याची चिन्हं काढावी लागतात. चालतं काम मोडलं म्हणून भयंकर चिडलो होतो. परत जुनी आवृत्ती १.१ टाकणारच होतो.

टाकली नाही, ती देवनागरीमुळे. मी गृहनिर्माण संस्थांचा पत्रव्यवहार बघतो. ‘महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०’ हे जवळपास प्रत्येक पत्रात येतं, म्हणून त्याची हॉटस्ट्रिंग केली आहे: छोटी खूण टाइप केली की पूर्ण नाव उमटतं. १.१ मध्ये यूटीएफ-८ (सगळ्या लिपी साठवणारं एन्कोडिंग) फाइलच्या सुरुवातीला बॉम, म्हणजे एन्कोडिंग सांगणारी अदृश्य खूण, नसेल, तर ती विंडोजच्या जुन्या कोडपेजनं (जुन्या अक्षर-तक्त्यानं) वाचली जायची आणि अधिनियमाच्या जागी नुसती चिन्हांची खिचडी. त्यात २०१९ च्या विंडोज १० अपडेटपासून नोटपॅड आपणहून बॉमशिवाय सेव्ह करू लागलं. दर नव्या फाइलला एन्कोडिंग बदलत बसा! आवृत्ती २ यूटीएफ-८ च धरून चालते. मराठीत काम करणाऱ्याला एवढं एक कारण पुरेसं आहे. शिवाय माझ्या हॉटस्ट्रिंगच्या साध्या ओळी जशाच्या तशा चालल्या.

क्रिस मॅलेट यांनी २००३ मध्ये हे सुरू केलं. ऑटोइट या तशाच आधीच्या प्रोग्रॅममध्ये हॉटकीची सोय करावी ही त्यांची सूचना कुणी उचलली नाही, म्हणून. पुढे लेक्सिकॉस या नावानं लिहिणाऱ्या प्रोग्रॅमरनं त्यातून काढलेली वेगळी शाखाच मुख्य झाली, तीच १.१. आवृत्ती २.० डिसेंबर २०२२ मध्ये आली आणि २०२४ मध्ये १.१ चं काम थांबलं. इतकी वर्षं जुनं-नवं व्याकरण एकत्र नांदत होतं. ते साफ केलं हे आता मला पटतं. किंमत न दिलेलं व्हेरिएबल १.१ गुपचूप रिकामं धरायची. थकबाकीच्या नोटिशीत रक्कमच कोरी राहिली तर? २ तिथेच थांबून ओळ दाखवते.

एक राग मात्र कायम आहे. स्क्रिप्टची ईएक्सई (स्वतंत्रपणे चालणारी फाइल) करून दुसऱ्या टेबलावर दिली की अँटिव्हायरस ती व्हायरस समजून उचलतो. म्हणून मी सगळीकडे ऑटोहॉटकीच टाकतो आणि स्क्रिप्ट तशीच देतो. फुकट आहे, जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे, कितीही कॉम्प्युटरवर टाका. असंच काम करणाऱ्या काही प्रोग्रॅमना दरवर्षी वर्गणी भरावी लागते. ती मी भरणार नाही.

जुन्या स्क्रिप्ट बऱ्याच असतील तर दोन्ही आवृत्त्या ठेवा आणि प्रत्येक फाइलच्या वर रिक्वायर्सची (#Requires, कुठली आवृत्ती लागते ते सांगणारी) ओळ लिहा. कुठली आवृत्ती चालवायची ते ऑटोहॉटकीचा लाँचर (स्क्रिप्ट सुरू करून देणारा भाग) त्यावरून ठरवतो.