बचत गटाचा तीन पदरी मास्क

कोरोनाच्या साथीत यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावच्या आठवडी बाजारातून बचत गटाने शिवलेला हा कापडी मास्क मी घेतला. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२० मध्ये सर्वसामान्यांसाठी तीन पदरी कापडी मास्कची शिफारस केली होती, त्यानुसार याला तीन पदर आहेत; मात्र तिन्ही सुतीच असल्याने घामाने तो लवकर ओला होतो आणि मग बदलावा लागतो. नाकावर तार नसल्याने वरून फट राहते व चष्म्यावर वाफ धरते. शिलाई पक्की आहे. साबणाच्या गरम पाण्यात अनेकदा धुऊनही उसवली नाही, इलॅस्टिक तेवढे सैल पडले. मोकळ्या वावरात एकट्याने कापूस वेचताना तो लावण्याची गरज मला वाटली नाही, परंतु खच्चून भरलेल्या एसटीत, स्वतः खोकत असताना तर नक्कीच, तो नाकाखाली न घसरवता लावावा.