कानाचं मशीन घ्यायच्या आधी शब्दांची टेस्ट करून घ्या (हिअरिंग क्लिनिक, ४ स्टार)

आईला घेऊन गेलो होतो, वय ७१. आमचं म्हणणं टीव्ही फार मोठा लावते, तिचं म्हणणं आवाज येतो रे पण तुम्ही सगळे पुटपुटता. आधी एका दुकानात गेलेलो (नाव नको), तिथे बीप बीपवाली टेस्ट उरकली आणि लगेच मशीनचा कॅटलॉगच पुढे केला, म्हणून मग इथे आलो. इथल्या मॅडमनी बीपची टेस्ट केलीच पण नंतर स्पीच ऑडिओमेट्री (म्हणजे शब्दांची टेस्ट) पण केली, आणि पैसे वसूल झाले ते तिथे.

बंद केबिन, हेडफोन, आणि "काकू, मी जे बोलेन ते जसं ऐकू येईल तसं परत म्हणा, नाही कळलं तर अंदाजाने म्हणा". पहिले आवाज कमी कमी करत नेतात आणि साधारण निम्मे शब्द बरोबर येतात ती पातळी डेसिबलमध्ये लिहितात, ती बीपच्या ग्राफशी जुळायला पाहिजे, फार फरक असला तर परत तपासतात. मग आरामात ऐकू येईल इतक्या आवाजात २५ शब्द, एकेका शब्दाला ४ टक्के. आईचा उजवा कान ८४, डावा ५६. आणि ग्राफमध्ये दोन्ही कान जवळपास सारखे!! चांगल्या कानाने मदत करू नये म्हणून त्यात शूंऽऽ असा आवाज सोडला होता, तरी एवढा फरक. मॅडम म्हणाल्या हे आधी ईएनटीला दाखवा, मशीनचं नंतर बघू. विकायला बसलेला माणूस असं बोलत नाही.

चुका पण दाखवल्या. 'सात'चा 'हात' ऐकला, म्हणजे 'आ' पोचला, 'स' गेला. स, श हे बारीक आवाज वरच्या फ्रिक्वेन्सीचे, वय झालं की आधी तेच जातात, त्यामुळे कोणीतरी बोलतंय हे कळतं, काय ते कळत नाही. नुसतं ओरडून बोलून काही होत नाही (बाबांना हे अजून पटलेलं नाही).

शब्दांची यादी मराठी होती हे बेस्ट. मित्राच्या वडिलांची कुठेतरी इंग्लिश यादीवर केली होती, तिथे कान तपासला की इंग्लिश, देव जाणे.

एक स्टार कापला कारण शब्द मॅडम स्वतः माइकवर बोलल्या, ओठ दिसू नयेत म्हणून तोंडापुढे कागद धरला होता ते ठीक, पण रेकॉर्डिंग असतं तर पुढच्या वर्षीच्या टेस्टशी नीट तुलना करता आली असती, दुसरं कोणी बोललं की आवाज, उच्चार सगळंच बदलतं ना. आणि गोंगाटातली टेस्ट, म्हणजे मागे आवाज लावून वाक्यं ऐकवतात ती, मागितल्याशिवाय करत नाहीत. खरंतर लग्नकार्यात, हॉटेलात लोकांची पंचाईत होते ती तिथेच, त्यामुळे अपॉइंटमेंट घेतानाच सांगून ठेवा, आणि मशीन लावून पण तीच टेस्ट परत करायला लावा, मगच पैसे द्या.