अभ्यासिका, डबा की आरोग्य शिबिर? चर्चने आधी काय सुरू करावं

वस्तीसाठी काहीतरी करायचंय पण पैसे थोडे आणि माणसं मोजकी, अशा मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) कमिटीत कुणी असेल तर त्यांच्यासाठी लिहितेय. मी नगरकडची, आमच्याकडे हे तिन्ही करून झालंय.

शिबिर सगळ्यांना पहिलं सुचतं. एक रविवार, दोन डॉक्टर, बीपी-शुगर, फोटो, झालं. पण ज्या मावशींची शुगर त्या दिवशी पहिल्यांदा वाढलेली सापडली त्या सोमवारी कुठे जाणार? मिरजेत मिशनरी डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये हॉस्पिटल सुरू केलं आणि ते तिथेच राहिले, म्हणून लोक विश्वासाने येत गेले. तुमच्या मंडळीत नर्स असतील (बहुतेक मंडळ्यांत असतातच) तर एकदाच मोठं शिबिर घेण्यापेक्षा दर महिन्याला बीपी-शुगरचं टेबल लावा, आणि पेशंटसोबत कागद घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडे मोफत उपचारांच्या सरकारी महात्मा फुले योजनेची चौकशी करायला जाईल असा एक तरुण तयार ठेवा.

पेशंटच्या नातेवाइकांना जेवणाचा डबा द्यायला हॉल लागत नाही, महिला मंडळ लागतं. सिव्हिलच्या वॉर्डाबाहेर खेड्यातून आलेले नातेवाईक वडापाववर दिवस काढतात, त्यांना गरम पोळी-भाजी मिळाली की डोळे भरून येतात. हॉस्पिटलची परवानगी आधी घ्या, जेवण शाकाहारीच ठेवा म्हणजे कुणालाच अडचण नको, आणि वार पक्का करा, कारण गुरुवार म्हटलं की लोक गुरुवारी वाट बघतात. त्रास एकच, सगळं त्याच सात-आठ बायकांवर येतं आणि त्या थकतात, म्हणून सुरुवातीलाच तीन गट पाडा.

माझं मन मात्र अभ्यासिकेवर आहे. हॉल आठवड्यातले सहा दिवस कुलपात असतो आणि पलीकडच्या गल्लीत एका खोलीत पाच माणसं, टीव्ही चालू, दहावीचं पोर बसणार कुठे? पंखे, खुर्च्या, ट्यूबलाइट आपल्याकडे आहेतच, लागतं ते पाणी, स्वच्छ टॉयलेट (नसेल तर मुली येतच नाहीत), वीजबिल आणि संध्याकाळी ६ ते १० चावी घेऊन बसणारं माणूस, आमच्याकडे रिटायर्ड मास्तर बसतात. एक चूक आमची झाली, दहावीची परीक्षा संपली म्हणून मार्चअखेर बंद केली आणि पोलीस भरतीचा अभ्यास करणारी पोरं गेटवरून परत गेली, जूनमध्ये उघडली तर त्यातली निम्मी आलीच नाहीत, त्याचं अजून वाईट वाटतं.

नाताळात शेजारच्या भजनी मंडळाला बोलावून ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचे अभंग एकत्र म्हणणं, हे तर वरचं काहीही निवडलं तरी करा, त्याला खर्चच नाही.

लोकांच्या मनात प्रश्न असतोच, हे धर्मांतरासाठी तर नाही ना. म्हणून फॉर्मवर जात-धर्म विचारू नका, डब्यासोबत पत्रक नको, अभ्यासिकेत प्रार्थनेची सक्ती नको. कुणी आपणहून विचारलं तर मनापासून बोला.

तर हॉल स्वतःचा असेल तर अभ्यासिका, उपासना भाड्याच्या जागेत होत असेल तर डबा, नर्स-डॉक्टर घरचे असतील तर महिन्याचं टेबल. आणि अभ्यासिका ठरलीच तर लग्नाची बुकिंग घेण्याआधी फेब्रुवारी-मार्चच्या संध्याकाळी पोरांसाठी राखून ठेवा, कमिटीच्या वहीत तसं लिहूनच घ्या, नाहीतर ऐन परीक्षेत हॉलमध्ये मांडव लागलेला असतो.