पॉर्क्युपाइन ट्रीचा 'फिअर ऑफ अ ब्लँक प्लॅनेट': काही महिने मुक्काम केल्यावर

पॉर्क्युपाइन ट्री या रॉक बँडचा हा अल्बम २००७ चा आहे, त्यामुळे 'नवीन काय आलंय' हे बघायला आला असाल तर निराशा होईल. पण ज्यांचे कान पिंक फ्लॉइड, रश, किंग क्रिमसन अशा प्रोग (प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांचा रॉक) बँडवर तयार झाले आणि नंतर मेटलकडे, म्हणजे जड गिटारच्या रॉककडे, वळले, त्यांना कुणी ना कुणी हे नाव सुचवतंच. मीही असाच पोचलो. गेले कित्येक महिने येता-जाता हाच लावतोय. पहिल्याच आठवड्यात लिहायला बसलो असतो तर फक्त गिटारच्या रिफबद्दल, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या छोट्या तुकड्यांबद्दल, लिहिलं असतं. आता रिफबद्दल फारसं बोलावंसं वाटत नाही.

सहा ट्रॅक, जेमतेम ५१ मिनिटं. स्टीव्हन विल्सन गिटार आणि गायन, रिचर्ड बार्बिएरी कीबोर्ड, कॉलिन एडविन बेस, गॅव्हिन हॅरिसन ड्रम्स. रेकॉर्डिंगच्या आधी, २००६ च्या दौऱ्यात, त्यांनी यातला बराचसा ऐवज लोकांपुढे वाजवून घेतला होता. ते कळतं. एक ट्रॅक तर पावणेअठरा मिनिटांचा आहे, तरी 'आता पुरे करा' असं कुठे होत नाही. जुन्या प्रोगच्या बाबतीत हे छातीठोकपणे सांगता येणार नाही.

तो लांबलचक ट्रॅक म्हणजे तिसरा, 'अ‍ॅनस्थेटाइझ'. अल्बम घ्यायचा की नाही हे यावरच ठरवा. पहिली चार-पाच मिनिटं जड गिटार जवळपास नाहीच. ड्रम्सचा एक दबका, गोल फिरणारा ठेका आणि त्यावर तरंगणारे बार्बिएरीचे सूर. मग रशच्या अ‍ॅलेक्स लाइफसन या गिटारिस्टचा सोलो येतो. पाहुणा कलाकार म्हटल्यावर वाटतं की पठ्ठ्या आता मैदान मारणार, पण तो मोजकं वाजवून बाजूला होतो. तिथून गाणं काळवंडत जातं. तळहाताने दाबलेल्या तारांवरचा रिफ सुरू होतो, घोळत राहतो, आणि खाली हॅरिसन जोर द्यायची जागा सारखी हलवत असतो. शेवटी डबल किकचा (दोन्ही पायांनी वाजवलेल्या बेस ड्रमचा) भडिमार. तुम्हाला वाटतं आता कळस. बारा मिनिटं उलटली की सगळं ओसरतं आणि उरलेला वेळ एकावर एक रचलेले आवाज संथपणे गात राहतात.

मध्यंतरी लोकलच्या गर्दीत मी थेट मधला जड भागच लावायचो. घाई असते, मूडही तसाच असतो. नुसता ऐकला तर तो भाग चांगला आहे, पण असं वाजवणारे पन्नास बँड सापडतील. आधीची शांत मिनिटं ऐकून तिथे पोचलात तर तोच रिफ अंगावर येतो. प्रोग आणि मेटलची सांगड घालणाऱ्या बऱ्याच बँडची गोची इथेच होते. मऊ सुरुवात, मग धडाम्, मग पुन्हा मऊ, शिवण दिसते. इथे शांत भागाच्या पोटातच पुढच्या तणावाची सोय करून ठेवलेली असते, आणि ते काम गिटारपेक्षा ड्रम्स करतात.

हॅरिसन २००२ च्या 'इन अ‍ॅब्सेन्शिया'पासून बँडमध्ये आहे. माझ्या मते खरा बदल त्याच्यामुळे झाला. त्या अल्बममधलं 'द साऊंड ऑफ म्यूझॅक' ऐका. कडवी सात मात्रांची आहेत, रूपक तालाची सवय असलेल्याने सहज मोजून बघावीत. पण न मोजणाऱ्याला पत्ताही लागत नाही की काही वेगळं चाललंय. विषम मात्रा घेऊन मिरवणारे ड्रमर पुष्कळ आहेत. हा लपवतो. पुढे २००८ मध्ये किंग क्रिमसननेच त्याला घेतलं, यातच सगळं आलं.

विल्सनचा मेटलकडचा ओढा कुठून आला हेही उघड आहे. २००१ मध्ये त्याने स्वीडनच्या ओपेथ या मेटल बँडचा 'ब्लॅकवॉटर पार्क' प्रोड्यूस केला, आणि त्यानंतर पॉर्क्युपाइन ट्रीचा आवाज जड झाला. पण 'यांनी प्रोगला जड केलं' असं कुणी म्हणालं की मला हसू येतं. किंग क्रिमसनचा 'रेड' १९७४ चा आहे. आजही मोठ्याने लावला तर शेजारी बेल वाजवतील. विल्सनला हे माझ्यापेक्षा नक्कीच जास्त ठाऊक असणार, कारण पुढे क्रिमसनच्या जुन्या अल्बमचं रीमिक्सिंग त्यानेच केलं. इथेही 'वे आउट ऑफ हिअर'मध्ये क्रिमसनचा गिटारिस्ट रॉबर्ट फ्रिप आहे, तोही मागच्या धुक्यासारख्या सुरांत. कान देऊन शोधला तरच सापडतो.

आता तक्रारी. विल्सनचा आवाज नाजूक आहे. शांत गाण्यांत शोभतो, जड भागांत मात्र कधी कधी गिटारच्या भिंतीपुढे उभा राहून विनवण्या केल्यासारखा वाटतो. गाण्यांचा विषय म्हणजे पडद्यांना चिकटलेली, गोळ्या खाऊन सुन्न झालेली, कंटाळलेली पोरं. विषय जुना झालेला नाही, उलट वाढलाय. पण बोलणारा मुलगा खोलीतला न वाटता दाराबाहेर उभा राहून त्याच्याबद्दल चिंता करणारा काका वाटतो. सतत ऐकल्यावर हे जास्त टोचायला लागलं. 'सेंटिमेंटल' गोड आहे, पण त्यातली गिटार थेट त्यांच्याच जुन्या 'ट्रेन्स' गाण्याची आठवण करून देते आणि 'ट्रेन्स' अधिक चांगलं आहे.

ऐकायचं कशावर, हेही सांगून टाकतो. स्वस्त इअरबड्सवर जड भागांचा लगदा होतो आणि शांत भाग फलाटावरच्या घोषणांत वाहून जातात. घरी बरे हेडफोन लावले तेव्हा बार्बिएरी नक्की काय करतो ते पहिल्यांदा नीट कळलं. त्याचे सूर पुढे येत नाहीत, पण ते काढले तर गाण्याची हवाच जाईल.

आणि हेच कारण आहे की आता माझा सगळ्यात आवडता ट्रॅक शेवटचा, 'स्लीप टुगेदर' आहे. सुरुवातीला मी तो सर्रास अर्धवट सोडायचो. मेटलचा रिफ इथे गाण्याचा कणा नाही. धडधडणारा सिंथ, ड्रम्सचे घणाघात आणि शेवटाकडे चढत जाणारी व्हायोलिन-चेलोंची फौज. आणि तरी अख्ख्या अल्बममधलं सगळ्यात जड गाणं हेच. रिफशिवाय एवढं वजन येतं म्हटल्यावर आधीच्या ट्रॅककडेही वेगळ्या कानाने बघितलं जातं.

एक हळहळ मात्र राहील. डिसेंबर २००९ मध्ये ही मंडळी पवईला, आयआयटीच्या मूड इंडिगो महोत्सवात वाजवून गेली. ठाण्याहून रिक्षाने जाण्याइतकं अंतर. तेव्हा मला बँडचं नावही माहीत नव्हतं.

घ्यावा का? ड्रीम थिएटर या प्रोग-मेटल बँडच्या वेगाची सवय असेल तर पहिल्या ऐकण्यात 'हे कधी सुरू होणार' असं वाटेल. हेडफोनवर, मधे न थांबता दोन-तीनदा ऐकूनच ठरवा. फक्त फ्लॉइड चालत असेल तर 'माय अ‍ॅशेस'पासून सुरुवात करा, तिसऱ्या ट्रॅकची घाई करू नका. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा त्या काकांमुळे कापला. आवडला तर त्याच वर्षीचा छोटेखानी 'निल रिकरिंग' लगेच घ्या. त्याच्या शीर्षक ट्रॅकमध्ये फ्रिप पुन्हा आहे, आणि या वेळी त्याला शोधावं लागत नाही.